इंजेक्शनची तारीख आधी, ऑपरेशनची नंतर

संधिवाताचं बायोलॉजिकल इंजेक्शन (प्रतिकारशक्ती आवरून आजार दाबणारं) चालू असलेल्या माणसाचा गुडघा बदलायचा ठरला की घरात पहिला प्रश्न येतो, "सगळ्यो गोळ्यो बंद करूच्यो ना?" सिंधुदुर्गातल्या आमच्या संधिवाताच्या ओपीडीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय की उत्तर तोंडपाठ आहे. सगळं बंद करायचं नाही, सगळं चालूही ठेवायचं नाही. आणि ऑपरेशनची तारीख पक्की करून मग औषधांचं बघू, असं तर अजिबात करायचं नाही. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं यावरून ऑपरेशनचा आठवडा निघतो. तो कसा निघतो आणि पुढे काय काय होतं, ते देवगड तालुक्यातल्या एका काकींच्या फाइलीवरून लिहितो आहोत.

काकी साठीच्या. चौदा वर्षांचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे आमवात, उजवा गुडघा पार झिजलेला. चालू औषधं: मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम दर रविवारी, सोबत फॉलिक ॲसिड, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) ५ मिलिग्रॅम रोज सकाळी, आणि बायोलॉजिकल इंजेक्शन म्हणजे ॲडालिमुमॅब ४० मिलिग्रॅम दर दुसऱ्या गुरुवारी पोटाच्या कातडीखाली. ऑपरेशन घाटावर, कोल्हापुरात.

मुळात भीती कशाची? एरवी गुडघा बदलल्यावर आतल्या सांध्यात जंतू शिरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन. आमवातात ते साधारण दीडपट ते दुप्पट होतं. त्याला औषधं कारण आहेत, पण एकटी औषधंच नव्हेत. आजार स्वतः भडकलेला असणं, रक्त कमी असणं, स्टेरॉइडने कागदासारखी झालेली कातडी, अंगात प्रथिनं कमी असणं हे सगळं त्यात येतं. आत धातू आणि प्लास्टिक बसवलेलं असतं. त्यावर जंतू चिकटले की काही दिवसांत स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, आणि त्या थराच्या आत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ नुसतं पाणी ओतून जात नाही, तसंच. म्हणून इथे टाळणं हाच खरा उपाय, नंतरचा इलाज फार महागात पडतो.

आता हिशेब. मेथोट्रेक्सेट चालू ठेवायचं. हे ऐकून बरेच फॅमिली डॉक्टरही दचकतात. पण २००१ साली इंग्लंडमध्ये ३८८ आमवाताच्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला होता. मेथोट्रेक्सेट चालू ठेवलेल्यांत संसर्ग किंवा जखमेची गुंतागुंत २ टक्के, बंद केलेल्यांत १५ टक्के. गोळी थांबवली की आजार उसळतो आणि तोच नडतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड यांचंही तेच: गुडघा-खुब्याच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनला थांबवायची गरज नाही. लेफ्लुनोमाइड शरीरात इतकं रेंगाळतं की आठवडाभर बंद ठेवून तसाही फरक पडत नाही. अपवाद एकच. मूत्रपिंडाचं काम घसरलेलं असेल किंवा ऑपरेशननंतर क्रिएटिनिन चढलं, तर मेथोट्रेक्सेट लगेच थांबवून संधिवाताच्या डॉक्टरांना फोन.

इंजेक्शनांचा नियम वेगळा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी आणि सांधे बदलणाऱ्या सर्जननी मिळून २०१७ मध्ये मार्गदर्शन काढलं, २०२२ मध्ये सुधारलं, आणि आपल्याकडेही बहुतेक तेच पाळलं जातं. औषधाचं एक आवर्तन पूर्ण होऊ द्यायचं, पुढचा डोस चुकवायचा, आणि तो डोस जिथे पडला असता त्याच्या लगेच नंतर ऑपरेशन घ्यायचं. ॲडालिमुमॅब दोन आठवड्यांनी एकदा, म्हणून ऑपरेशन तिसऱ्या आठवड्यात. एटानरसेप्ट दर आठवड्याला, म्हणून दुसऱ्या आठवड्यात. चार आठवड्यांनी शिरेतून टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांचं पाचव्या आठवड्यात; इन्फ्लिक्सिमॅब आठ आठवड्यांनी असेल तर नवव्या. रिटुक्सिमॅब सहा महिन्यांनी घेणाऱ्याला सातवा महिना गाठावा लागतो, आणि इथेच सगळ्यांचा संयम सुटतो. टोफासिटिनिबची गोळी काही तासांत शरीरातून उतरते, तिला तीन दिवस आधी थांबवलं की पुरतं. हल्ली ही गोळी सर्रास दिली जाते, आणि गोळी आहे म्हणून लोक तिला इंजेक्शनांच्या रांगेत धरतच नाहीत. "इंजेक्शन काही घेत नाही" म्हणतात आणि ऑपरेशनच्या सकाळी चहाबरोबर ती गिळून येतात.

काकींचं शेवटचं इंजेक्शन गुरुवार ६ नोव्हेंबर. पुढचं २० तारखेला यायचं, ते घेतलं नाही. ऑपरेशन सोमवारी २४ तारखेला, म्हणजे अठराव्या दिवशी. सर्जननी आधी १० नोव्हेंबर दिली होती. दिवाळीनंतरचा पहिला मोकळा सोमवार, एवढाच त्यामागचा विचार. १० तारीख म्हणजे इंजेक्शनचा चौथा दिवस, औषध रक्तात ऐन भरात. दोन्ही डॉक्टरांचं फोनवर पाच मिनिटं बोलणं झालं आणि तारीख सरकली. हे बोलणं आपोआप होत नाही, नातेवाइकांनी ते घडवून आणावं लागतं. आम्ही पुठ्ठ्याच्या फाइलीच्या पहिल्या पानावरच लाल शाईने लिहून देतो: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, पुढचा चुकवायचा डोस.

काही जण जास्तीची खबरदारी म्हणून दोन-तीन महिने आधीपासून इंजेक्शन थांबवतात. त्याने संसर्ग कमी होतो असं दिसत नाही, आजार मात्र उसळतो. मग हाताची बोटं सुजतात, स्टेरॉइड ५ वरून २० वर जातं, आणि संसर्गाचा धोका आधीपेक्षा वाढतो. सगळ्या औषधांत जखमेला सर्वांत जास्त नडणारं औषध हे जुनं, स्वस्त प्रेडनिसोलोनच आहे. दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की धोका चांगलाच जाणवतो. पण अचानक बंद करणंही घातक, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. त्यामुळे रोजची ५ ची गोळी ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. "उपाशी राहा" या सूचनेत ही गोळी धरलेली नसते, भूलतज्ज्ञांना आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावं.

स्टेरॉइडचा आणखी एक छुपा मार्ग आहे. बाजारात, जत्रेत, कुणा वैदूकडे मिळणाऱ्या लेबल नसलेल्या पुड्या. दोन दिवसांत दुखणं पळवणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं वारंवार सापडलं आहे. रुग्ण त्याला औषध म्हणून मोजतच नाही. तेव्हा नुसतं "दुसरं काही घेता का" असं विचारून उत्तर येत नाही. "पुडी कुठून आणता" असं सरळ विचारावं लागतं. आणि गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचलेलं असेल, तर तीन महिने पुरे होईपर्यंत तो गुडघा उघडायचा नाही. हे सर्जनला सांगायला लोक विसरतात, कारण ते इंजेक्शन दुसऱ्याच गावात घेतलेलं असतं.

ऑक्टोबरात काकींची तपासणी झाली तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. पहिली, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या. लावणीपासून कापणीपर्यंत पाय ओले, मग बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटते, आणि त्या फटीतून जंतू सरळ आत. चार आठवडे बुरशीचं मलम, पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसणं, टाचांच्या भेगांना व्हॅसलिन. दुसरी गोष्ट, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बिब्ब्याने उठलेला जुना भाजल्याचा डाग. तो बरा झालेला होता म्हणून निभावलं. ताजा असता तर ऑपरेशन पुढे गेलं असतं, कारण चीर त्याच्या जवळूनच जाते. तिसरी गोष्ट मिश्री. "तंबाखू खाता?" "नाही." "विडी?" "छे!" आणि मिश्री दिवसातून तीन वेळा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम सांधायला रक्त कमी पोचतं. किमान चार आठवडे बंद, ही अट काकींना गुडघ्याच्या दुखण्यापेक्षाही जड गेली.

दातांत एक किडलेलं मूळ होतं, ते महिनाभर आधी काढून घेतलं. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, यकृत, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, ३.५ च्या खाली असेल तर जखम रेंगाळते), तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी). ती ८ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर आधी ती खाली आणायची. लघवीला जळजळ नसताना नुसत्या लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक देण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तिचा सांध्याला फायदा नाही. एक तपासणी संसर्गाशी संबंधित नाही तरी सांगायला हवी: मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेला एक्स-रे. जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, आणि भूल देताना मान मागे ताणली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. काकींची मान ठीक होती.

शेवटचा आठवडा नाकापासून सुरू होतो. साधारण चार-पाच माणसांमागे एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निवांत राहत असतो. त्याला तिथे त्रास नसतो, जखमेत गेला की असतो. नाकात बोळा फिरवून तपासणी करून, किंवा सरसकट, २ टक्के म्युपिरोसिनचं मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, पाच दिवस. मलम हरभऱ्याएवढं, मग नाक चिमटीत धरून हलकं दाबायचं. सोबत क्लोरहेक्सिडिन ४ टक्क्यांचा साबण: आदल्या रात्री आणि ऑपरेशनच्या सकाळी, मानेपासून खाली. चेहरा आणि गुप्तांग सोडून. अंगावर दोन मिनिटं राहू द्यायचा, मग धुवायचा. चूक होते ती त्यानंतर. आंघोळ झाली की सवयीने खोबरेल तेलाचा हात पायांवरून फिरतो, किंवा पावडर लागते, आणि सगळी मेहनत वाया. पुसायला नुकताच धुऊन उन्हात वाळवलेला पंचा. पावसाळ्यात आमच्याकडे पंचे चार-चार दिवस दमट राहतात, ठरवून करायचं ऑपरेशन पाऊस संपल्यावर घ्या असं आम्ही सांगतो त्याचं हेही एक कारण. गणपतीच्या तोंडावर तर नकोच. घरात पंधरा माणसं, त्यातली निम्मी मुंबईहून सर्दी-खोकला घेऊन आलेली.

घरी ब्लेडने पाय साफ करून जाऊ नये. ब्लेडचे न दिसणारे ओरखडे रात्रभरात जंतूंनी भरतात. केस काढायचेच असतील तर हॉस्पिटलात, क्लिपरने, ऑपरेशनच्या थोडं आधी.

रविवारी २३ तारखेला काकींनी मेथोट्रेक्सेट नेहमीप्रमाणे घेतलं. वॉर्डातल्या एका नर्सने "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कसली गोळी" म्हणून अडवलं होतं, फाइलीचं पहिलं पान दाखवल्यावर प्रश्न मिटला. सोमवारी चीर देण्याआधीच्या तासाभरात सेफाझोलिन २ ग्रॅम शिरेतून. ही वेळ फार महत्त्वाची. चीर दिल्यावर दिलेलं अँटिबायोटिक उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं. चोवीस तासांत ते बंद झालं. "बाईंची ताकद कमी आहे तर दहा दिवस द्या" असा आग्रह नातेवाइकांकडून होतो. जास्त दिवस दिल्याने जखम वाचत नाही, फक्त चिवट जंतू उरतात आणि जुलाब लागतात.

पाचव्या दिवशी घरी. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून देवगडापर्यंतच्या प्रवासात दर तासाला गाडी थांबवून घोटा वर-खाली हलवायचा आणि चार पावलं टाकायची, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. घर आधीच लावून ठेवलेलं: पलंग पडवीऐवजी माजघरात, सारवलेल्या जमिनीवर त्या खोलीपुरतं धुता येणारं प्लास्टिक, मांजर बाहेर, गोठ्यात जाणारा माणूस ड्रेसिंगजवळ नाही. आंघोळीला ड्रेसिंगवर प्लास्टिक गुंडाळून ते वरून चिकटवायचं, न्हाणीत खुर्ची, पायाखाली घट्ट रबरी मॅट. सुनेला एकच कडक सूचना: ड्रेसिंग उघडून बघायचं नाही. दमट हवेत घामाने कडा सुटली तरच हात धुऊन बदलायचं. हळद, अंगारा, खोबरेल, काहीही नाही.

आता एक गोष्ट जी आमवाताच्याच रुग्णांना येते आणि गुडघ्याच्या छापील माहितीपत्रकात सापडत नाही: वॉकर. वॉकरवर भार मनगट-बोटांनी येतो, आणि इंजेक्शन थांबल्याला तीन आठवडे झाले की नेमकी मनगटं सुजायला लागतात. माणूस वॉकर धरू शकत नाही, म्हणून चालत नाही, म्हणून पाय सुजतो. काकींना कोपरापासून हात टेकवता येतो असा, गादीवाला वॉकर आधीच आणून ठेवला होता. ३ डिसेंबरला उजवं मनगट सुजलं. पॅरासिटामॉल, रात्री मनगटाला पट्टी, आणि संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलून स्टेरॉइड न वाढवता आठवडा काढला. घरातल्या जुन्या पाकिटातून स्वतःच स्टेरॉइड वाढवणं हा या टप्प्यावरचा सर्वांत मोठा मोह असतो.

जखमेत काय चालतं आणि काय नाही, हे डोळ्याला शिकवावं लागतं. गुडघा काही आठवडे गरम राहणं, नडगीवर काळंनिळं आणि मग पिवळं पडणं, संध्याकाळी सूज चढणं हे चालतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत ड्रेसिंगवर थोडे लालसर डाग चालतात. पाच-सात दिवसांनंतरही पाणी येत राहणं चालत नाही. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, लाली पसरणं (तिच्या कडेने पेनाची रेघ मारून ठेवा, उद्या रेघ ओलांडली का ते कळतं), वास येणं, शिवण उसवणं, हे त्याच दिवशी सर्जनला. सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ताची तपासणी) ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप चढतं आणि साधारण तीन आठवड्यांत उतरतं. उतरून पुन्हा चढलं तर संशय घ्यायचा.

"माका ताप नाय, मगे कित्याक येव?" हे वाक्य या रुग्णांच्या तोंडी फार धोक्याचं आहे. टोसिलिझुमॅब ताप आणि सीआरपी दोन्ही दाबून टाकतं. डोस चुकवला तरी त्याचा परिणाम काही आठवडे रेंगाळतो. टोफासिटिनिब आणि स्टेरॉइडही ही लक्षणं झाकतात. आत पू होत असताना रिपोर्ट निर्मळ असू शकतो. तेव्हा रिपोर्टपेक्षा जखम बघायची.

दुसऱ्या एका बाईंच्या बाबतीत उलटं झालं. नवव्या दिवशी जखमेतून पाणी येत होतं, गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकची पाच दिवसांची गोळी मिळाली, पाणी कमी झालं, सगळे निर्धास्त. दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू. आता सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर कल्चरमध्ये काहीच उगवेना, कारण जंतू अर्धमेले आणि थराच्या आड. नऊ दिवसांवर सांधा उघडून धुतला असता, आतला प्लास्टिकचा भाग बदलला असता, तर गुडघा वाचण्याची शक्यता बरीच होती. उशीर झाल्याने अख्खा सांधा काढून टप्प्याटप्प्याने बदलावा लागला. पाणी येतंय म्हणजे आधी सर्जन, सुई घालून नमुना, आणि मगच अँटिबायोटिक. मात्र ताप, थंडी आणि रक्तदाब खाली अशी अवस्था असेल तर थांबायचं नाही, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात ताबडतोब.

काकींचे स्टेपल्स ८ डिसेंबरला, चौदाव्या दिवशी काढले. स्टेरॉइडने कातडी पातळ असल्याने आधी एकाआड एक काढले, कडा फाकत नाहीत हे बघून बाकीचे. आता इंजेक्शन परत कधी, याला तारखेपेक्षा जखमेचं उत्तर खरं: टाके निघालेले, कडा मिटलेल्या, पाणी नाही, लाली नाही, जास्तीची सूज नाही, आणि अंगात दुसरीकडेही कुठे संसर्ग नाही, ना खोकल्याचा ना लघवीचा. हे सगळं जमलं तर साधारण दोन आठवड्यांनंतर. ११ डिसेंबर, पुन्हा गुरुवार. मधलं अंतर पाच आठवडे, चुकलेले डोस दोन. इंजेक्शन पोटावर किंवा डाव्या मांडीला, ऑपरेशनच्या पायाला नाही. नवा डोस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या खणाला न चिकटवता. वीज गेली तर दार उघडायचं नाही, लांबलीच तर थर्मासच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीपासून कापडाने वेगळं.

हे सगळं ठरवून केलेल्या ऑपरेशनचं. पडून खुबा मोडला किंवा अपेंडिक्स फुटलं तर आवर्तन मोजत बसायला वेळ नसतो. ऑपरेशन त्याच दिवशी, पण कोणतं इंजेक्शन कधी घेतलं आणि रोज किती स्टेरॉइड चालू आहे हे दारातच सांगायचं, आणि पुढचा डोस थांबवायचा.

काकींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर २२ फेब्रुवारीला गोल केलेला आहे, तो नव्वदावा दिवस. ऑपरेशनशी जोडल्या जाणाऱ्या संसर्गावर डॉक्टर तोवर बारीक लक्ष ठेवतात. पुढेही पायाची भेग किंवा दाताचं गळू यातून जंतू रक्तावाटे धातूपर्यंत पोचू शकतात, अगदी वर्षांनीसुद्धा. म्हणून जूनमध्ये लावणीच्या चिखलात उतरायला सर्जननी नाही म्हटलंय. काकींनी बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधून द्यायचं कबूल केलंय, गमबूट घालून.